गोडनिंब आणि पिठाचा डबा

हिवाळ्यात न्यूझीलंडमधल्या आमच्या लोअर हटच्या घरात सगळ्यात आधी जाग यायची ती आईच्या गाडीला. रेस्ट होमची सकाळची पाळी गाठायला ती पावणेसातला निघे, आणि काचेवर गोठून बसलेलं दंव घालवायला स्वयंपाकघरातून कोमट पाण्याची बाटली भरून नेई. मग पप्पांचा पहिला गजर, मग पहिल्या गजराला पप्पा उठले नाहीत म्हणून दुसरा गजर, आणि या सगळ्याच्या मागे रात्रभर घुरघुरणारं ते ओल शोषून घेणारं यंत्र, ज्याला आम्ही घरात नुसतं ‘पाणीवाला’ म्हणायचो. पाणीवाल्याची भरलेली बादली ओतायची आणि खिडक्यांना आतून सुटलेला घाम जुन्या टॉवेलने पुसायचा, हे माझं काम. तोवर पप्पा टोस्ट तोंडात धरून, बूट पिशवीत टाकून वेलिंग्टनच्या ट्रेनसाठी पळालेले असत. ते तिथल्या एका सरकारी खात्यात संगणकांचं काम करायचे आणि घरातला कुठलाही संगणक बिघडला की ‘शनिवारी बघतो’ म्हणायचे. असे कितीतरी शनिवार आले नि गेले. पण माणूस इतका गोड, की राग धरवायचा नाही.

दुपारी मी शाळेतून यायची तेव्हा आई ओट्यापाशी उभी असायची. पाळी संपवून आली की ती आधी हात कोपरापर्यंत धुवायची आणि मग ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घ्यायची. दिवसभर परक्या म्हाताऱ्यांचं केल्यावर तिला स्वतःच्या घरातला काहीतरी आवाज ऐकायचा असतो, असं ती म्हणे. भाकरी थापल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. पीठ ज्या डब्यात असायचं तो स्टीलचा उंच डबा तिच्या लग्नात आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी दिलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलं होतं : ‘चि. सौ. कां. प्रज्ञा हिस, आई-बाबांकडून’. नागपूरहून न्यूझीलंडला येताना आईने बरंच काही सोडलं, पण हा डबा आत माझे स्वेटर कोंबून आणला. घरात त्याला मान होता. कोणी त्याच्यावर ओला हात ठेवला तरी आई मागून लगेच फडकं फिरवायची.

घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आधीच्या मालकाचं एक छोटं काचघर होतं. आम्ही त्यात मोडक्या सायकली ठेवायचो. मग एका उन्हाळ्यात आजोबा पाच महिने राहायला आले आणि त्यांनी आठवड्याभरात सायकली बाहेर काढल्या. आजोबा नागपूरला टेलिफोन खात्यात होते. खांबावरच्या तारांपासून वायरलेसच्या सेटपर्यंत सगळं त्यांनी दुरुस्त केलेलं. हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नसे. मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा थाटात ते दिवसभर काचघरात वावरायचे. आमच्या ओळखीच्या एक बाई ऑकलंडला, न्यू लिनला राहायच्या. त्यांनी कढीपत्त्याचं एक वीतभर रोप दिलं होतं. आजोबा त्याला कढीपत्ता म्हणत नसत, गोडनिंब म्हणत. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, इथल्या थंडीत हे जगायचं नाही. त्यावर आजोबांनी गॅरेजमधून वायर ओढून काचघरात एक छोटासा हीटर लावला, संध्याकाळी रोपावर जुनी शाल पांघरायला सुरुवात केली आणि चार महिन्यांत त्याला माझ्या गुडघ्याएवढं केलं. आई त्याची पानं घालून गोळ्याच्या कढीला फोडणी द्यायची, तेव्हा आजोबा ती पानं मोजून द्यायचे. जाताना विमानतळावर त्यांनी आईला जवळ घेतलं, पप्पांना ‘सांभाळून राहा’ म्हणाले, आणि मला म्हणाले, “यशो, त्याले मरू नको देजो.” त्या वयात मी सगळ्यालाच ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणायची, म्हणजे ‘एकदम झकास’, तसंच यालाही म्हटलं.

पुढच्या हिवाळ्यात आजोबा नागपूरला न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते नीटही झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उठवा आणि चालवा. आणि आजोबा उठेनात. मामा विनवण्या करून थकला, मामी रागावून थकली. व्हिडिओ कॉलवर आई बोलायची तेव्हा ते छताकडे बघत पडलेले असायचे. दाढी वाढलेली. “बाबा, थोडं तरी उठा,” आई म्हणायची, आणि ते म्हणायचे, “उठून जाऊ कुठी?” आईला यातलं सगळं माहीत होतं, तेच वाईट होतं. पडून राहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे ती रोज कामावर बघत होती. एकदा फोन ठेवल्यावर ती कणकेचे हात तसेच घेऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, “इथे मी रोज पंधरा जणांना हाताला धरून चालवते गं. पंधरा लोकांना. आणि माझा बाप तिकडे पडलाय.” रजा तिला दोन महिन्यांनी मिळणार होती. दोन महिने फार होतात, हेही तिलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. मी सोळा वर्षांची होते. आईला रडताना बघायची मला सवय नव्हती, आणि मला तिच्यासाठी काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. त्या वयात मदत आणि मोठेपणा यांतला फरक कळत नाही. मला तर आत्ताही कधीकधी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलवर मीच घुसले. म्हटलं, “आजोबा, तुमच्या गोडनिंबावर मी कॅमेरा लावते. दर अर्ध्या तासाने फोटो येईल. पण तो मामाच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच बघायचा. बाहेरच्या खोलीत जाऊन.” आजोबांनी पहिल्यांदाच मान वळवली. “मी वापस आल्यापासून जित्तं आहे का ते?” त्यांनी विचारलं. म्हटलं, हीप्स ऑफ पानं आहेत. त्यांनी उशीवरून डोकं उचललं. मग म्हणाले, “दाखवशील तर जाईन.” मामा मागून म्हणाला, “बाबा, शब्द दिला हां तुम्ही.” आईने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट दाबला की दुखला.

पप्पांच्या ड्रॉवरमध्ये पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक आठ महिने पडून होता. घरचा सर्व्हर करायचा, सगळे फोटो आणि कागद एका जागी ठेवायचे, असा पप्पांचा बेत, अर्थात शनिवारचा. मी म्हटलं, थंडी संपेपर्यंत तो माझा. पप्पा म्हणाले, “मी लावून देतो शनिवारी.” मी म्हटलं, नको, मी एकटी करणार, तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही. हे वाक्य पुढे मला चांगलंच महागात पडलं.

अडचण अशी, की त्या इवल्याशा संगणकाला ना पडदा, ना कीबोर्ड. टीव्हीला जोडता आला असता, पण त्याच्या बारीक तोंडाची वायर आमच्याकडे नव्हती. आणि जो संगणक काचघरात एकटा राहणार, तो वायरशिवाय घरच्या वायफायला लागलाच पाहिजे. म्हणजे ज्याचं तोंड दिसत नाही आणि ज्याला बोलता येत नाही, त्याला घरचा पत्ता सांगायचा. यासाठी एक युक्ती असते. त्याचं नखाएवढं मेमरी कार्ड काढायचं, ते आपल्या लॅपटॉपमध्ये घालायचं, आणि त्यावर एका छोट्या फाइलमध्ये चार ओळी लिहून ठेवायच्या: वायफायचं नाव, पासवर्ड आणि आपण कुठल्या देशात आहोत त्याची दोन अक्षरं. मी एन झेड लिहिलं. कार्ड परत त्याच्या पोटात घालायचं, वीज द्यायची आणि गप्प बसायचं. तो जागा होतो, चिठ्ठी वाचतो आणि वाचून झाली की आपणहून घरच्या वायफायवर येतो. आला की नाही हे कळायचा एकच मार्ग: राउटरच्या यादीत त्याचं नाव उमटतं का बघायचं. तोवर नुसता एक हिरवा दिवा लुकलुकत असतो, आणि त्या लुकलुकण्याचा काय वाटेल तो अर्थ लावत आपण बसतो.

त्या रविवारी सकाळपासून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होते. आईने मागे पातोड्यांचा रस्सा टाकला होता, खसखशीचं वाटण भाजल्याचा वास घरभर. पहिल्यांदा यादीत काही आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. पप्पा दारातून डोकावून काहीतरी बोलणार तेवढ्यात आईने त्यांना हाताने परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी यादी उघडली, तर आमच्या फोनच्या, टीव्हीच्या आणि लॅपटॉपच्या खाली मी दिलेलं नाव उभं होतं: गोडनिंब. मी खुर्चीवरून उठून किंचाळले. लॅपटॉपवरून त्याच्यात शिरता येत होतं, मी सांगेन ते तो ऐकत होता. कॅमेरा जोडला, पहिला फोटो निघाला तो रश्श्याच्या पातेल्याचा, आणि तो आपोआप आजोबांसाठी केलेल्या ऑनलाइन अल्बममध्ये जाऊन बसला. त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी शिकले, त्यावर पोट भरते, पण त्या दुपारएवढा आनंद मला कुठल्याच यंत्राने दिला नाही. आजोबांना फोन केला: तयार! उद्यापासून!

संध्याकाळी तो काचघरात न्यायचा होता. हिवाळ्यात काचघराच्या छताला आतून पाणी धरतं आणि दिवसभर टपटपत राहतं. मी आईला म्हटलं, याच्यावर पाणी पडू नये म्हणून एखादा डबा दे. कपाटात आइस्क्रीमचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे रचून ठेवलेले होते, इथल्या प्रत्येक घरात असतात तसे. आईने ते उघडून बघितलेही नाहीत. तिने पिठाच्या डब्यातलं पीठ पातेल्यात काढलं, डबा धुतला, कोरडा केला, आणि माझ्या हातात दिला. “बाबांसाठीच आहे ना,” ती म्हणाली. “मग चांगला घे.” जस्ताच्या पत्र्याचा जो बाक होता त्यावर मी संगणक ठेवला, त्यावर डबा उपडा घातला, वायरी खालून काढल्या, कॅमेरा गोडनिंबासमोर विटेवर टेकवला. ठिपक्यांची अक्षरं उलटी झाली होती. बाहेरून बघितलं तर अगदी बंदोबस्त वाटत होता.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

सोमवारी सकाळी अल्बम कोरा. यादीत नाव नाही. शाळेला वीस मिनिटं होती, आणि आमच्या दुपारी साडेचारला तिकडे सकाळचे दहा वाजणार, आजोबा वॉकर धरून उठणार.  मी काचघरात पळाले, माझ्या फोनने गोडनिंबाचा फोटो काढला आणि अल्बममध्ये टाकला. शाळेतून आल्यावर आणखी दोन. मनात म्हटलं, आजच्यापुरतं. साडेचारला मामाचा फोन आला आणि मामा ओरडतच होता, “प्रज्ञा, गेले! बाहेरच्या खोलीपर्यंत गेले, खुर्चीत बसले, फोटो पाहिला आणि म्हणाले, खालची दोन पानं पिवळी पडलीत!” आई ओट्याला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. पप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली, “मानलं बाई तुला.” आता यात कुठे सांगायचं, की फोटो मी काढलाय?

पुढचे अकरा दिवस मी त्या संगणकाची चाकरी केली. रोज सकाळी शाळेआधी दोन फोटो, शाळेतून आल्यावर दोन, शनिवार-रविवारी दर अर्ध्या तासाला. दंवाने कुरकुरणारं गवत तुडवत, मोज्यांशिवाय जँडल्समध्ये, बोटं बधिर. आणि रोज दुपारी मी संगणक घरात आणायची, कार्ड काढायची, फाइल नव्याने लिहायची. घरात टेबलावर ठेवला की दोन मिनिटांत यादीत नाव. काचघरात नेऊन डब्याखाली ठेवला की गायब. मी पासवर्ड बदलला. वायफायचं नाव बदलून पाहिलं, तेव्हा पप्पांचा फोन आणि टीव्ही बंद पडले आणि मलाच ते परत जोडावे लागले. अंतर जास्त होत असेल असं वाटलं, पण माझा फोन तिथेच उभा राहून मजेत फोटो पाठवत होता, हे डोळ्यांसमोर असून मला दिसत नव्हतं. रोज थोडी देखभाल लागते, असं मी आईला सांगून ठेवलं होतं, आणि ती दर वेळी डबा पुसून परत द्यायची. “नीट झाकते आहेस ना?” म्हणायची. मी आणखी नीट झाकायची.

तिकडे आजोबा सुधारत होते. आधी दिवसातून एकदा बाहेरच्या खोलीत, मग दोनदा. मग त्यांनी दाढी केली. मामा रोज बातमी द्यायचा आणि दर बातमीला आई थोडी सैल व्हायची, गुणगुणायची, एक दिवस तिने उगाचच पुरणही शिजवलं. माझी पोळी मी पप्पांना वाढली. एखाद्या दिवशी मला ताप आला, शाळेची सहल निघाली, तर आजोबा रिकाम्या पडद्यासमोर बसतील आणि मग परत जाऊन पडतील, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आणि खरं सांगितलं तर? माझ्या खोट्यावर तो म्हातारा चालत होता. खोटं काढून घेतलं की तो खाली बसणार, असंच मला वाटायचं. मी मनापासून घाबरलेली होते.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, साडेचारला फोन वाजला. आई दुकानात गेली होती. पडद्यावर आजोबा एकटेच होते, खुर्चीत ताठ, गुळगुळीत दाढी, बाजूला वॉकर. मामाला त्यांनी चहा आणायला आत पाठवलं होतं.

“जय भीम, आजोबा.”

“जय भीम. यशो, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तुझं मशीन शाळेत जाते का वं?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वाआठनंतर त्याचा फोटो नाही. दुपारी साडेतीननंतर येते. शनिवार-रविवार दिवसभर काम करते.” त्यांनी कागद पुढे धरला. त्यावर सगळ्या वेळा मांडलेल्या होत्या, टेलिफोन खात्यातल्या अक्षरात. “आणि परवा त्यानं फोटो वरून काढला, काल खालून. मशीन काय गुडघे वाकवते?”

मला रडूच फुटलं. इंग्रजी-मराठी काय तोंडाला येईल ते बोलत सुटले. मी खोटं बोलले, सॉरी, मी फिक्स करणार होते, घरात चालतं, बाहेर नाही चालत, आईला सांगू नका, तुम्ही पडून राहू नका. आजोबांनी मला पूर्ण रडू दिलं. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. नोकरीत असताना ते असे बोलत असणार.

“ते राहू दे. फॉल्ट सांग. घरात चालते?”

“हो.”

“तिथं नेलं की बंद. तुझा फोन तिथं चालते?”

“हो.”

“मंग सिग्नल तं आहे तिथं. फोटोत कोपऱ्यात काहीतरी चमकते रोज. तो प्रज्ञाचा पिठाचा डबा न? इथं बर्डीच्या बाजारात उभा राहून मी त्याच्यावर नाव घालून घेतलं होतं, मी ओळखतो त्याले. तिथं कायले ठेवला?”

“पाणी पडू नये म्हणून उपडा घातलाय.”

“कशावर?”

मी सांगितलं, पत्र्याच्या बाकावर, त्या संगणकावर. आजोबा एकदम हसायला लागले. हसताना त्यांना ठसका लागला, खुबा दुखला, “अयाया” म्हणाले आणि परत हसले. “अवं माय! खाली पत्रा, वरून स्टील! तिजोरीत रेडिओ कोंडून गाणं ऐकाले बसली तू! जा, डबा उचल. मी बसलो इथं.”

मी पळाले. डबा उचलला, संगणकाची वायर काढून परत लावली. चालू झाला की त्याने आधी एक फोटो काढायचा असं मी सांगून ठेवलं होतं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. डबा छातीशी धरून मी त्याच्यासमोर वाकून उभी राहिले. फोन हातात होता. त्यातून आजोबांचा श्वास ऐकू येत होता. दोन मिनिटं गेली असतील. मग ते म्हणाले, “आला.”

तो फोटो माझ्याकडे आहे. शाळेचा गणवेश, केस तोंडावर, नाक लालभडक, मिठीत पिठाचा डबा, आणि डोळे थेट कॅमेऱ्यात. मागे गोडनिंबाचं एक पानसुद्धा दिसत नाही.

“बाजूले हो,” आजोबा म्हणाले. “झाड दिसून नाही राहिलं.”

आईला मीच सांगितलं, ती दुकानातून आली तशी, पिशव्याही खाली ठेवू न देता. ती रागावेल म्हणून मी तयारीत होते. तिने सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या हातातला डबा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “म्हणजे अकरा दिवस माझ्याच डब्याने…” आणि तिला हसू आवरेना. संध्याकाळी पप्पा आले तेव्हा आम्ही दोघी हसतच होतो आणि त्यांना काही सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून संगणकावर होकी-पोकी आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा आला. पीठ आपल्या जागी परत गेलं. मशीनने शाळेच्या वेळातही काम सुरू केलं, पण मी तरीही साडेतीनला एकदा काचघरात जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहायची, आणि आजोबा दुसऱ्या दिवशी सांगायचे, स्वेटर घाल. मोठी झाल्यावर मी हेच काम करू लागले. वेलिंग्टनच्या ऑफिसात कुणाचं यंत्र गप्प झालं की सगळे आधी फाइल उघडतात, आणि मी आधी विचारते, ठेवलंय कशात? सहकाऱ्यांना ते माझं खूळ वाटतं.

दोन उन्हाळ्यांनी आजोबा पुन्हा आले. गाडीतून उतरून घरात न येता काठी टेकत थेट मागच्या अंगणात गेले. गोडनिंब त्यांच्या खांद्याला लागला होता. आई मागून “बाबा, सावकाश” करत होती, तिला त्यांनी चहा टाकायला पाठवलं. आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा दोन वर्षं मनात होतं ते मी विचारलं.

“आजोबा, मशीनचं तुम्हाला कधी कळलं होतं?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“आणि मला विचारलंत दुसऱ्या आठवड्यात. मग मधले दिवस रोज उठत कशाला होता? फोटो खोटे आहेत हे माहीत होतं ना?”

“खोटे कायले? झाड खरंच होतं.” त्यांनी एक पान चुरगळून नाकाशी नेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या थंडीत तू दिवसातून चारदा इथवर चालत येत होती. माझ्यापायी. मंग मले एक खोली चालाले काय झालं होतं?”

 त्यांनी एक काडी मोडली, पानं मोजली नाहीत, आणि ती तशीच माझ्या हातात दिली. “ने,” म्हणाले, “आईले म्हण, कढी कर.”